घोडेस्वारासाठी प्राचीन तलवारीची प्रतिकृती: मागणीपासून पहिल्या सरावापर्यंत

ऐतिहासिक पुनर्सादरीकरणात, म्हणजे जुन्या काळचा वेश आणि शस्त्रे घेऊन तेव्हाच्या लढाया प्रेक्षकांसमोर करून दाखवण्याच्या छंदात, नव्याने आलेला घोडेस्वार बहुधा एखादे छायाचित्र घेऊन कारागिराकडे जातो आणि ‘अशीच हवी’ असे सांगून मोकळा होतो. पायी लढणाऱ्याचे एवढ्यावर कसेबसे निभावते, स्वाराचे मात्र निभावत नाही. त्याची तलवार एका हाताने उपसली जाते, एकाच हाताने म्यानात परत जाते, घोड्याच्या कानापासून वीतभर अंतरावरून फिरते आणि उरलेला सारा वेळ घोड्याच्या बरगड्यांशी लटकत राहते. म्हणून तिची मापे दोन ठिकाणांहून घ्यावी लागतात: एक, उत्खननात सापडलेल्या मूळ तलवारीवरून आणि दुसरे, आपल्याच घोड्यावर, आपल्याच खोगिरात बसून. ही दोन मापे एकमेकांशी क्वचितच जुळतात. त्यांत कोठे आणि किती तडजोड करायची हे कारागिराच्या मर्जीवर न सोडता स्वतः ठरवून लिहून देणे, हेच मागणीचे खरे काम आहे.

पुढील पायऱ्या प्रामुख्याने रोमन घोडदळाच्या स्पाथा या लांब तलवारीला धरून लिहिल्या आहेत, कारण प्राचीन काळातील स्वारांच्या तलवारींपैकी हिच्याविषयी पुरावा भरपूर आहे आणि नवखे लोक तिच्यापासूनच सुरुवात करतात. ग्रीक, सार्माटी (काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील भटके लोक) किंवा अन्य स्वाराचा वेश घेणाऱ्यालाही क्रम हाच ठेवता येईल.

पहिली पायरी: आपण कोणता स्वार आहोत हे ठरवणे

‘रोमन घोडेस्वार’ एवढे वर्णन पुरेसे नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील साहाय्यक दलाचा (बहुतांशी रोमन नागरिक नसलेल्यांच्या तुकडीचा) स्वार आणि तिसऱ्या शतकातील स्वार यांच्या तलवारींची लांबी, रुंदी, मूठ, म्यान आणि ती लटकवण्याची बाजूदेखील वेगळी होती. ज्यू इतिहासकार जोसेफस पहिल्या शतकातील रोमन सैन्याचे वर्णन करताना स्वाराची लांब तलवार उजव्या बाजूला असल्याचे स्पष्ट सांगतो. पुढे, दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धापासून, ती खांद्यावरून तिरक्या जाणाऱ्या रुंद पट्ट्याने डाव्या बाजूला लटकू लागली. ज्याने पहिल्या शतकाचे शिरस्त्राण आणि तिसऱ्या शतकाचा पट्टा एकत्र केला, त्याला तलवार कोणत्याही बाजूला लावली तरी ती चुकीचीच ठरणार.

सरळ पाते की वळणदार, हा प्रश्नही येथेच सुटतो. ग्रीक लेखक झेनोफोनने इसवी सनपूर्व चौथ्या शतकात अश्वविद्येवर जे लिहिले त्यात स्वारासाठी सरळ तलवारीपेक्षा कोपिस पद्धतीची, आतल्या बाजूला वळलेल्या धारेची तलवार बरी असे म्हटले आहे, आणि कारणही दिले आहे: स्वार उंचावर असतो, त्यामुळे खुपसण्यापेक्षा वरून उतरणारा वार त्याला अधिक उपयोगी पडतो. हा सल्ला युद्धासाठी उत्तम होता. पुनर्सादरीकरणात मात्र तोच गुण अंगावर येतो, कारण कोपिसचे वजन टोकाकडे झुकलेले असते आणि धार बोथट केली तरी वरून आलेल्या पात्याचा तडाखा कमी होत नाही. नवख्या स्वाराने पहिली तलवार म्हणून कोपिस मागवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी पायरी: मूळ नमुना निवडणे

‘स्पाथा’ हे एका तलवारीचे नाव नसून अनेक शतकांच्या लांब तलवारींचे सरसकट नाव आहे. म्हणून कारागिराला एका विशिष्ट उत्खननातील एका विशिष्ट पात्याचे रेखाचित्र द्यावे. स्कॉटलंडमधील न्यूस्टेड येथे 1905 ते 1910 या काळात जेम्स कर्ल यांनी केलेल्या उत्खननात पहिल्या-दुसऱ्या शतकातील अरुंद, लांब पाती मिळाली. साठ-पासष्ट सेंटिमीटर लांबीची आणि रुंदीला जेमतेम साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास असलेली ही पाती स्वाराच्या हातात हलकी राहतात. पुढच्या काळातील पात्यांचे अभ्यासक, ती सापडलेल्या ठिकाणांच्या नावांवरून, साधारण दोन गट करतात. श्ट्राउबिंग-न्यूडाम गटातील पाती लांब आणि सडपातळ असून पासष्ट ते ऐंशी सेंटिमीटरपर्यंत जातात, तर लाउरियाकुम-ह्रोमूव्का गटातील पाती त्यापेक्षा आखूड पण बरीच रुंद, साडेपाच सेंटिमीटरहून अधिक रुंदीची असतात.

येथे एक अडचण येते. मूळ वस्तू जमिनीतून पूर्ण स्वरूपात क्वचितच निघते. काय टिकले आणि काय गेले हे मातीवर अवलंबून असते. उत्तर जर्मनीतील थोर्सबर्गच्या दलदलीतील आम्लयुक्त पीटने (कुजलेल्या वनस्पतींच्या थराने) लोखंड खाऊन टाकले, पण कापड आणि चामडे जपले. डेन्मार्कमधील न्यूडामच्या दलदलीत, जेथे कॉनराड एंगेलहार्ट यांनी 1859 ते 1863 मध्ये खोदकाम केले, लोखंडी पाती आणि लाकूड दोन्ही टिकले. बहुतेक ठिकाणी आपल्या हाती नुसते गंजलेले पाते येते आणि मूठ, म्यान त्याच काळातील दुसऱ्या ठिकाणाहून उसनी घ्यावी लागतात. यात गैर काही नाही. फक्त कोणता भाग कोठून घेतला याची नोंद ठेवावी, कारण प्रेक्षकांतील एखादा जाणकार नेमका तोच प्रश्न विचारतो. मूठ आणि म्यान यांसह टिकलेल्या तलवारींची उदाहरणे थोडी आहेत, म्हणून ती मोलाची आहेत. मृत समुद्राजवळील एन गेदी परिसरातील गुहेतून मिळालेल्या चार रोमन तलवारी 2023 मध्ये जाहीर झाल्या. त्यांतील तीन साठ ते पासष्ट सेंटिमीटर पात्याच्या स्पाथा असून चौथी कडीच्या मुठीची आणि आखूड आहे. कोरड्या हवेमुळे त्यांचे लाकूड आणि चामडेही शिल्लक राहिले. उत्तर इंग्लंडमधील विंडोलांडा येथील घोडदळाच्या बराकींतून मिळालेल्या दोन तलवारींची माहिती 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी एकीचे लाकडी म्यान टिकले होते.

मापे घेताना लक्षात ठेवावे की गंजलेल्या पात्याची जाडी ही मूळ जाडी नसते. लांबी आणि रुंदीवर बऱ्यापैकी विश्वास ठेवता येतो, जाडीवर नाही. तलवार कशी धरली आणि बाळगली जात असे हे पाहायला स्वारांच्या कोरीव समाधिशिळा उपयोगी पडतात. लँकेस्टर येथे 2005 मध्ये सापडलेल्या इन्सुस नावाच्या स्वाराच्या शिळेवर त्याच्या उजव्या हातात तलवार आहे आणि त्याच हातात शत्रूचे छाटलेले शिरही. मात्र शिल्पकाराने दाखवलेली प्रमाणे मोजपट्टी लावून वापरायची नसतात.

तिसरी पायरी: तलवारीचे काम ठरवणे

मिरवणुकीत कमरेला दिसण्यासाठी, ठरवलेल्या हालचालींच्या लुटुपुटुच्या लढाईसाठी, आणि धावत्या घोड्यावरून खांबावरची भाजी किंवा फळ कापण्याच्या प्रात्यक्षिकासाठी, अशा तीन निरनिराळ्या कामांना तीन निरनिराळी पाती लागतात. धारदार पाते लढाईच्या खेळात कधीही आणायचे नसते, आणि लढाईचे बोथट पाते काहीच कापत नाही. दोन्ही कामे एकाच तलवारीने भागवण्याचा मोह टाळावा. काही जण एकाच म्यानासाठी दोन पाती करून घेतात. ही कल्पना बरी वाटली तरी तळावरच्या गोंधळात चुकीचे पाते म्यानात गेले तर तो अपघात कोणाच्याही लक्षात वेळेवर येत नाही. म्हणून दोन पाती करायचीच असतील तर दोघांच्या मुठी डोळ्यांना आणि हाताला वेगळ्या जाणवतील अशा कराव्यात.

मागणी नोंदवण्यापूर्वी आपल्या मंडळाचे आणि ज्या आयोजकांकडे आपण जाणार त्यांचे सुरक्षानियम लेखी मागून घ्यावेत. धारेची किमान जाडी अनेक ठिकाणी दोन मिलिमीटर असते, काही ठिकाणी तीन. टोक गोलाकार असावे लागते. आणि घोड्यावरून खुपसण्याच्या हालचालीला बहुतेक मंडळांत मनाईच असते. शस्त्र बाळगणे, ते वाहनातून नेणे आणि परदेशातून मागवणे यांचे कायदे देशागणिक निराळे आहेत, त्यामुळे आपल्या देशाचा नियम पैसे देण्याआधी पाहावा.

चौथी पायरी: खोगिरात बसून मापे घेणे

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि पुढच्या साऱ्या तक्रारी येथूनच उगवतात. पातळ लाकडी पट्टीच्या चार नकली तलवारी कराव्यात, पाती अनुक्रमे साठ, पासष्ट, सत्तर आणि पंचाहत्तर सेंटिमीटरची. घोडा कोणाला तरी धरायला सांगावा, आपण पूर्ण वेशात, म्हणजे शिरस्त्राण, चिलखत आणि ढाल यांसह बसावे आणि प्रत्येक पट्टीने तीन हालचाली अगदी संथपणे कराव्यात: उजवीकडे पुढे उतरणारा वार, मानेवरून डावीकडे जाणारा आडवा वार, आणि उजवीकडे मागे, घोड्याच्या पुठ्ठ्याकडे जाणारा वार. ज्या पट्टीचे टोक कानाला, लगामाला किंवा आपल्याच गुडघ्याला लागते ती बाद. दुसऱ्या हालचालीत घोडा मान वर झटकतो असे गृहीत धरून आणखी वीतभर मोकळी जागा ठेवावी, कारण तलवारीची सवय नसलेला घोडा तसेच करतो.

एक गोष्ट येथे ध्यानात घ्यावी लागते. रोमन स्वाराला रिकिबी नव्हत्या. युरोपात त्या आल्या त्या सहाव्या-सातव्या शतकात, आशियातून आलेल्या आवार या भटक्या लोकांबरोबर. त्याऐवजी त्याचे खोगीर चार शिंगांचे होते आणि ती शिंगे त्याच्या मांड्या व कंबर धरून ठेवत. नेदरलँड्समधील व्हॅल्केनबर्ग येथे मिळालेल्या चामड्याच्या तुकड्यांवरून ब्रिटिश अभ्यासक पीटर कॉनोली यांनी या खोगिराची पुनर्रचना केली आणि त्यावर बसून माणूस बऱ्यापैकी जोरात वार करू शकतो हे दाखवून दिले. आपण असे खोगीर वापरत असलो तर रिकिबीत उभे राहून वाकणे शक्य नसते, त्यामुळे पोच पात्यातूनच मिळवावी लागते; पण उजवीकडे लटकणाऱ्या म्यानाचा वरचा भाग मागच्या शिंगात अडकण्याची भीतीही असते. आधुनिक खोगिरावर सराव करून मापे दिली आणि प्रयोगाच्या दिवशी शिंगांचे खोगीर घातले, तर सगळा हिशेब चुकतो.

हाताचे मापही घोड्यावर वापरायच्या हातमोज्यासहच घ्यावे. रोमन मुठी आखूड असत, हाडाच्या मुठीवर चार बोटांसाठी चार खोलगट पन्हळीही कोरलेल्या असत. रुंद पंजाच्या माणसाला त्या टोचतात. मूठ थोडी लांबवणे ही तडजोड मी बिनदिक्कत मान्य करतो, कारण दुखणारा हात तलवार सोडतो आणि सुटलेली तलवार घोड्याच्या पायांत जाते.

पाचवी पायरी: पात्याचा तपशील लिहून देणे

बोथट पात्याचे वजन हा या कामातील सर्वांत अवघड भाग आहे. चाळीस मिलिमीटर रुंद आणि मध्यभागी पाच मिलिमीटर जाड, भिंगाच्या छेदाचे, पासष्ट सेंटिमीटर लांब पाते घ्या. दोन्ही धारा शून्यापर्यंत उतरवल्या तर त्याच्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे 133 चौरस मिलिमीटर होते आणि निमुळतेपणा बाजूला ठेवल्यास पोलादाचे वजन 680 ग्रॅमच्या घरात जाते. याच पात्याच्या धारा दोन-दोन मिलिमीटर जाड ठेवल्या, बाकी काही बदलले नाही, तर क्षेत्रफळ 160 चौरस मिलिमीटर आणि वजन 815 ग्रॅमच्या आसपास होते. म्हणजे बाह्यरेषा तीच राहूनही पाते पाचव्या हिश्शाने जड झाले, आणि हे वाढलेले वजन टोकापर्यंत पसरलेले असल्याने मनगटाला ते त्याहून अधिक जाणवते.

यावर उपाय दोन आहेत आणि दोन्ही लिहून मागावेत. एक म्हणजे मुठीपासून टोकाकडे पात्याची जाडी कमी होत जाणे. मध्यरेषेची जाडी मुठीजवळ पाच मिलिमीटर असेल तर टोकाजवळ ती तीनच्या आसपास यावी. दुसरा म्हणजे मधल्या भागात पन्हळ कोरून वजन काढणे. अनेक मूळ स्पाथांना अशा पन्हळी आहेतच, त्यामुळे ऐतिहासिकतेलाही धक्का लागत नाही. पन्हळ मूळ नमुन्यापेक्षा किंचित खोल झाली तरी चालेल, ती कोणाला दिसत नाही. तलवारीचा तोल, म्हणजे बोटावर ठेवली असता ती जेथे आडवी स्थिर राहते तो बिंदू, कोठे साधावा हेही सांगावे. लाकूड-हाडाच्या हलक्या मुठीमुळे स्पाथाचा तोल नंतरच्या लोखंडी मुठीच्या तलवारींपेक्षा पुढे असतो. तो फारच पुढे गेला तर काही कारागीर मुठीच्या टोकावरच्या गोळ्यात शिशाचे वजन दडवतात. शुद्धतावाद्यांना हे रुचत नाही. घोड्याच्या डोक्याजवळून पाते वेळेवर थांबवता येणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

पोलादाबाबत जास्त चिकित्सा करू नये. ईएन 45, 5160 किंवा 6150 यांसारखे स्प्रिंगचे पोलाद, योग्य पाणी देऊन नंतर टेम्परिंग (ठिसूळपणा जाण्यासाठी पुन्हा मंद तापवणे) केलेले, रॉकवेल सी मापनात साधारण 45 ते 52 कठीणपणाचे असले की काम होते. गंजरोधक पोलादाचे लांब पाते शोभेसाठीच ठीक असते. आपटल्यावर ते तुटू शकते. प्राचीन काळी अनेक पाती लोखंड-पोलादाच्या पिळलेल्या सळ्या जोडून घडवत आणि त्यांवर लाटांसारखी नक्षी उमटे. न्यूडामच्या पात्यांत हे तंत्र मुबलक दिसते. हे सौंदर्य मिरवणुकीच्या तलवारीत जरूर घ्यावे. लढाईच्या बोथट पात्यात ते नको, कारण प्रत्येक सांधा ही तडा जाण्याची एक शक्यता असते.

आता पात्याच्या शेपटीविषयी, म्हणजे मुठीत शिरणाऱ्या निमुळत्या भागाविषयी. तलवारी तुटतात त्या बहुधा येथेच. शेपटी पात्याच्याच पोलादाची, सलग असावी. वेगळा स्क्रूचा दांडा वेल्डिंगने जोडलेला असेल तर ती तलवार स्वीकारू नये. पात्याचे खांदे शेपटीला जेथे मिळतात तो कोपरा काटकोनात न कापता गोलसर वळणाने उतरवलेला असावा, कारण काटकोनी कोपऱ्यात ताण साठतो आणि तेथूनच तडा सुरू होतो. शेपटी पात्याइतकी कठीण नसावी. तिचे टोक मुठीच्या गोळ्यातून बाहेर काढून ठोकून फुलवलेले असावे, जसे मूळ तलवारींत असे. हा सारा मजकूर करारात शब्दशः घालावा.

सहावी पायरी: मूठ, म्यान आणि पट्टा

मुठीसाठी हाड दिसायला सुंदर असते, पण पडल्यावर किंवा सततच्या धक्क्यांनी ते तडकते. पहिल्या तलवारीला घट्ट रेषेचे कठीण लाकूड घ्यावे आणि हाडाची मूठ हवी असल्यास मिरवणुकीच्या तलवारीसाठी राखावी. हस्तिदंत मागूच नये, त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय बंधने आहेत.

म्यानाला लोक दुय्यम समजतात. मी माझे पहिले म्यान असेच समजून करून घेतले होते. ते हातात धरून पाहिल्यावर छान घट्ट बसत होते. घोड्यावर मात्र डाव्या हातात लगाम आणि ढाल असल्याने म्यान धरायला हातच उरला नाही, तलवार हिसकावून काढावी लागली आणि त्या हिसक्याबरोबर लगाम घोड्याच्या तोंडात ओढला गेला. घोडा मागे सरकला, आणि त्याचे काहीच चुकले नव्हते. त्यानंतर मी म्यानाची कसोटी लेखी देऊ लागलो. म्यान उलटे धरले असता तलवार आपोआप घसरू नये, पण पट्ट्याला लटकलेल्या म्यानातून, दुसऱ्या हाताचा आधार न घेता, ती एका सलग ओढीत निघावी. या दोन अटींमधली जागा फार अरुंद आहे आणि ती मोसमागणिक हलते, कारण दमट हवेत लाकूड फुगते. म्यानाच्या तोंडाशी आतून पातळ लोकर किंवा चामडे लावल्यास हा फरक बराच सांभाळला जातो.

म्यान हलक्या लाकडाचे, वरून चामडे चढवलेले असावे. टोकावरचा धातूचा टोप कितीही देखणा असला तरी त्याच्या कडा आणि रिव्हेटची डोकी घासून गुळगुळीत करून घ्यावीत. मूळ नमुन्यातील अणकुचीदार नक्षी घोड्याच्या कुशीवर दुडक्या चालीत तासभर आपटली की कातडी सोलली जाते. पहिल्या शतकाच्या पद्धतीने म्यान कड्यांवर लटकते आणि अधिक हिंदकळते. नंतरच्या पद्धतीत म्यानाच्या दर्शनी बाजूवर एक उभा पूल असतो, त्यातून रुंद पट्टा जातो आणि म्यान बरेच स्थिर राहते. काळ निवडण्याची मोकळीक असेल तर नवख्या स्वाराने ही दुसरी पद्धत घ्यावी. पट्ट्यात एक कमकुवत दुवा, जोराचा हिसका बसल्यास सुटेल असा, मुद्दाम ठेवावा. पडलेला स्वार पट्ट्याने घोड्याला अडकून राहता कामा नये. मनगटाला बांधायच्या दोरीबाबतही हेच. ती न बांधणे उत्तम, बांधलीच तर सहज तुटणारी.

सातवी पायरी: कारागीर आणि करार

चांगल्या कारागिराकडे काही महिन्यांपासून वर्षाहून अधिक काळाची प्रतीक्षा असते, म्हणून पुढच्या मोसमाची तलवार या मोसमात मागवावी. त्याच्या कामाची चकचकीत छायाचित्रे पाहण्यापेक्षा मूठ न चढवलेल्या पात्याची छायाचित्रे मागावीत. शेपटी दाखवायला जो नाखूश असतो त्याच्याकडून पुढे जाऊ नये. त्याने घडवलेली तलवार दोन-तीन मोसम वापरलेल्या स्वाराशी बोलता आले तर त्याहून चांगले.

करार एका पानाचा असला तरी चालतो, पण त्यात मूळ नमुन्याचे नाव आणि रेखाचित्र, प्रत्येक मापाची कमाल व किमान मर्यादा, एकूण वजनाची वरची मर्यादा, पोलादाचा प्रकार, धारेची जाडी, म्यानाची कसोटी, मुदत आणि दोष निघाल्यास कोण काय करणार हे असलेच पाहिजे. ‘हलकी’ किंवा ‘तोलदार’ असे शब्द लिहू नयेत, ग्रॅम आणि सेंटिमीटर लिहावेत. इसार देताना उरलेली रक्कम दोन टप्प्यांत ठेवावी: एक हिस्सा पाते मुठीविना पाहून पसंत केल्यावर आणि शेवटचा तलवार हातात आल्यावर. मधूनच विचार बदलणारे गिऱ्हाईक कोणालाच आवडत नाही. पाते घडल्यानंतर लांबी बदलायला सांगणे म्हणजे नवी तलवार मागणेच होय.

आठवी पायरी: ताब्यात घेताना तपासणी

आधी वजन करावे आणि तोल मोजून करारातील आकड्यांशी ताडावा. मग पाते डोळ्यासमोर धरून मुठीकडून टोकाकडे पाहावे, वाक लगेच दिसतो. पात्याला अलगद, हाताने काही सेंटिमीटर वाकवून सोडावे. ते सरळ न परतल्यास टेम्परिंग बिघडले आहे. ते अर्धवर्तुळाकार वाकवण्याची मर्दुमकी करू नये. मूठ कानाजवळ धरून तलवार हलवावी आणि पात्याच्या सपाट बाजूवर तळहाताने थाप मारावी. आतून खडखड आली तर मूठ सैल आहे आणि ती घोड्यावर आणखी सैल होईल. धार कॅलिपरने (जाडी मोजण्याच्या चिमट्यासारख्या साधनाने) चार-पाच जागी मोजावी, विशेषतः टोकाच्या वळणावर, कारण घासताना नेमकी तेथेच ती पातळ होते.

नववी पायरी: घोड्याची ओळख

येथे घाई केल्यास आधीच्या सगळ्या मेहनतीवर पाणी पडते. घोड्याला नवी तलवार दाखवण्याआधी मापासाठी केलेली लाकडी पट्टीच वापरावी. पहिले काही दिवस जमिनीवर उभे राहून ती त्याला हुंगू द्यावी, मानेवर, खांद्यावर आणि पुठ्ठ्यावर हळूच टेकवावी, मग थोड्या अंतरावर फिरवावी. त्यानंतर बसून, उभ्या घोड्यावर, मग चालीत, मग दुडकीत. प्रत्येक टप्पा घोडा कान सैल सोडून उभा राहीपर्यंत चालवावा, दिवस मोजून नाही. पोलादी तलवारीत तीन गोष्टी नव्या असतात: उन्हात चमकणे, म्यानातून निघतानाचा आवाज आणि दोन पाती एकमेकांवर आपटण्याचा खणखणाट. या तिन्ही वेगवेगळ्या दिवशी, दुरून सुरू कराव्यात. रिकामे म्यान लटकवून केलेली तासाभराची फेरी हीदेखील स्वतंत्र परीक्षा आहे. परतल्यावर कुशीवरचे केस घासले गेले आहेत का ते हात फिरवून पाहावे.

हा संयम आजकालचा नाही. ग्रीक लेखक आणि रोमन अधिकारी आरियनने दुसऱ्या शतकात, सम्राट हाद्रियनच्या काळात, रोमन घोडदळाच्या कवायतींचे जे वर्णन केले आहे त्यात सरावातील भाल्यांना लोखंडी फाळ नसत असे तो सांगतो. ज्यांचे पोट खऱ्या युद्धावर चाले तेही घोड्यांबरोबर बोथट हत्याराने शिकत होते.

दहावी पायरी: निगा

प्रत्येक प्रयोगानंतर धारेवर बोट न फिरवता कापूस किंवा जुने मऊ कापड फिरवावे. जेथे धागा अडकतो तेथे खाच पडली आहे. ती खाच बारीक कानशीने त्याच दिवशी घासून गोलसर करावी, कारण तीक्ष्ण खाच चामडे आणि कातडी फाडते, शिवाय तेथून तडा वाढतो. खाच दीड-दोन मिलिमीटरहून खोल असेल तर पाते कारागिराकडे पाठवावे. घोड्याचा घाम खारट असतो, त्यामुळे पायदळाच्या तलवारीपेक्षा स्वाराची तलवार लवकर गंजते. पाते पुसून, तेलाचा पातळ हात देऊन ठेवावे आणि मोसम संपल्यावर ते म्यानात ठेवू नये, कारण लाकूड आणि चामडे ओल धरून ठेवतात. परज (मुठीचा पात्याकडचा आडवा भाग) आणि पाते यांच्या फटीत तेलाचा एक थेंब सोडावा, तेथला गंज दिसत नाही. पट्ट्याचा कमकुवत दुवा दर प्रयोगाआधी ओढून पाहावा, आणि तो एकदा सुटला की गाठ मारून न वापरता नवा लावावा.